संगणक अडतो, तेव्हा डिस्क काय करत असते?

एक्स्टर्नल हार्ड डिस्कची वायर लॅपटॉपला जोडली. डिस्कवरचा दिवा लुकलुकला, आत काहीतरी फिरू लागल्याची बारीक घरघर ऐकू आली, ‘धिस पीसी’च्या खिडकीत ड्राइव्हचे चिन्हही आले. त्यावर डबल क्लिक केले आणि सगळे जागच्या जागी थांबले. खिडकी पांढुरकी पडली, वरच्या पट्टीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ उमटले, निळे वर्तुळ फिरत राहिले. खालच्या टास्कबारवर क्लिक केले तर तोही दाद देईना. पाच-दहा मिनिटे वाट पाहून शेवटी वायर उपसली आणि त्याच क्षणी संगणक पूर्वीसारखा चालू लागला.

हा अनुभव घेतलेले लोक कुठेही भेटतील. लग्नसराईतले हजारो फोटो साठवणारे स्टुडिओवाले, वीस वर्षांच्या पुस्तकांच्या फाइली जपणारे डीटीपीवाले, मुलांच्या बारशापासूनचे व्हिडिओ एकाच डिस्कवर ठेवणारे आईवडील. बहुतेकांचा पहिला संशय संगणकावर जातो. व्हायरस आला असेल, रॅम कमी पडत असेल, विंडोज नव्याने टाकून घ्या, असे सल्ले मिळतात. पण डिस्क काढताच संगणक सुरळीत चालत असेल, तर विंडोज नव्याने टाकून काही साधत नाही. दुखणे बहुतेक वेळा त्या छोट्या डबीत, तिच्या वायरीत किंवा तिला मिळणाऱ्या विजेत असते. नेमके कुठे, हे घरच्या घरी बऱ्याच अंशी शोधता येते. मात्र या शोधाला एक क्रम आहे. तो चुकला, तर वाचू शकली असती अशी माहितीही कायमची हातची जाते.

एका बाहेरच्या डिस्कमुळे अख्खा संगणक का थांबावा? प्रोसेसर तर त्या वेळी जवळजवळ रिकामाच असतो. खोळंबा होतो तो वाट पाहण्यामुळे. ऑपरेटिंग सिस्टिम डिस्ककडे माहिती मागते आणि उत्तर येईपर्यंत, ती मागणाऱ्या प्रोग्रामला थोपवून धरते. बँकेच्या खिडकीवर पहिल्याच माणसाचा कागद सापडत नसला आणि कारकून तो शोधतच बसला, तर मागची रांग तिष्ठत राहते, तसेच हे. विंडोजमध्ये फोल्डर उघडून दाखवणे, टास्कबार सांभाळणे आणि डेस्कटॉप मांडणे ही सगळी कामे ‘एक्सप्लोरर’ हा एकच प्रोग्राम करतो. त्यामुळे एका फोल्डरपायी टास्कबारही मुका होतो. टास्क मॅनेजरमधून तो बंद करायला गेले तरी बऱ्याचदा होत नाही, कारण डिस्कच्या उत्तरासाठी अडकलेला प्रोग्राम मध्येच सोडवता येत नाही. वायर उपसल्यावर संगणक लगेच का सुटतो, याचे कारणही हेच. डिस्कच नाहीशी झाली की सिस्टिम तिच्याकडच्या सगळ्या मागण्या अयशस्वी म्हणून निकालात काढते.

ही वाट किती पाहायची याच्या मुदती ठरलेल्या आहेत. विंडोज एका मागणीसाठी साधारण ६० सेकंद थांबते, लिनक्स ३० सेकंद. मुदत टळली की डिस्कला ‘रिसेट’चा आदेश जातो आणि तीच मागणी पुन्हा केली जाते.

आता डिस्कच्या आत पाहू. खिशात मावणाऱ्या डिस्कमधली तबकडी सहसा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. वाचणारे हेड तबकडीला न टेकता, काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगत जाते. माहिती सेक्टर नावाच्या छोट्या कप्प्यांत लिहिलेली असते आणि आजच्या डिस्कवर असा एक कप्पा ४०९६ बाइटचा असतो. त्याच्यासोबत बारीकसारीक चुका दुरुस्त करण्यापुरती जादा माहितीही असते. एखादा सेक्टर तरीही नीट वाचता आला नाही, तर डिस्क लगेच हार मानत नाही. ती पुढच्या फेऱ्यात पुन्हा वाचते, हेड किंचित इकडेतिकडे सरकवून पुन्हा वाचते. घरगुती वापराची डिस्क एका सेक्टरमागे ही झटापट कित्येक सेकंद, प्रसंगी मिनिटभरही करत राहते. नॅस किंवा रेडसाठी, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून माहिती साठवणाऱ्या यंत्रणांसाठी, बनवलेल्या डिस्क मात्र साधारण ७ सेकंदांत ‘वाचता आले नाही’ असे कळवून मोकळ्या होतात, कारण तिथे तीच माहिती शेजारच्या डिस्कवरून उभी करता येते. घरच्या डिस्कपाशी दुसरी प्रत नसते, म्हणून तिला असे चिवट बनवले आहे. २० मेगाबाइटचा एक फोटो पाच हजारांहून जास्त सेक्टरांत पसरलेला असतो. त्यातले दहा खराब निघाले आणि प्रत्येकापायी अर्धे मिनिट गेले, तर एका फोटोला पाच मिनिटे लागतात. फोल्डर उघडला की एक्सप्लोरर त्यातल्या फोटोंच्या छोट्या प्रतिमा दाखवायला घेतो, अँटिव्हायरस त्याच वेळी फाइली चाळू लागतो, आणि मागण्यांचा ढीग वाढत जातो.

पण प्रत्येक खोळंब्यामागे खराब तबकडी नसते, आणि म्हणूनच घाबरण्याआधी तपासणी हवी.

सर्वांत आधी, संगणक खरेच अडला आहे का ते पाहावे. कीबोर्डवरचे कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर सिस्टिम जिवंत आहे. कधी कधी अडतो तो फक्त माउस. इंटेलने २०१२ साली एका तांत्रिक टिपणात दाखवून दिले की यूएसबी ३.० ची उपकरणे आणि त्यांच्या वायरी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट सोडतात. बिनतारी माउस आणि कीबोर्ड नेमके याच पट्ट्यात बोलतात. माउसचा चिमुकला रिसीव्हर डिस्कच्या वायरीला खेटून असेल, तर डिस्कवर कॉपी सुरू होताच बाण पडद्यावर अडखळतो, उड्या मारतो किंवा ठप्प होतो, आणि बघणाऱ्याला वाटते की संगणकच थिजला. रिसीव्हर लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावला किंवा वीतभर एक्स्टेन्शन वायरने दूर नेला की काम भागते. इतक्या साध्या कारणासाठी चांगल्या डिस्क दुरुस्तीच्या दुकानात जाऊन पडतात, हे वाईट आहे.

माउस ठीक असेल, तर टास्क मॅनेजरमधल्या ‘परफॉर्मन्स’ पानावर डिस्कचा आलेख पाहावा. तिथे डिस्क किती टक्के वेळ गुंतलेली आहे आणि सेकंदाला किती माहिती येते-जाते, हे दोन्ही दिसते. शंभर टक्के आणि सेकंदाला ८० मेगाबाइट असे दिसले, तर डिस्क नुसती कामात आहे. शंभर टक्के आणि वेग शून्य, असे चित्र मिनिटभर टिकले, तर ती अडकली आहे. तिथेच सरासरी प्रतिसादाचा वेळही दिलेला असतो. निरोगी डिस्क हलक्या कामात दहा-वीस मिलिसेकंदांत उत्तर देते. तो आकडा काही हजारांत गेला, तर पुढची तपासणी लगेच करावी.

आता वायर आणि वीज. यूएसबी ३.० च्या पोर्टेबल डिस्कला लागते ती रुंद, चपटी, दोन भाग शेजारी शेजारी जोडल्यासारखी पिन अनेकांच्या परिचयाची आहे. तिचा रुंद भाग जुन्या मायक्रो यूएसबीसारखा, तर शेजारचा अरुंद भाग वेगवान वाहतुकीच्या तारांसाठी असतो. ही पिन सॉकेटमध्ये फार खोल जात नाही आणि वर्षभराच्या घालण्या-काढण्याने सैल पडते. डिस्क टेबलावर असताना बोटाच्या टोकाने पिन हळूच हलवली आणि दिवा विझून पुन्हा लागला, तर दोष तिथेच सापडला. मात्र ही परीक्षा डिस्कवर काही लिहिले जात नसतानाच करावी. वायर बदलायला दीड-दोनशे रुपये लागतात आणि डिस्कच्या तक्रारीत हा पहिला खर्च करून पाहण्यासारखा असतो. नवी वायर शक्यतो आखूड घ्यावी. लांब आणि बारीक तारांच्या वायरीत पाच व्होल्टपैकी काही दाब वाटेतच खर्ची पडतो.

विजेचा हिशोबही तंग असतो. यूएसबी २.० च्या पोर्टने ५०० मिलिॲम्पिअर आणि यूएसबी ३.० च्या पोर्टने ९०० मिलिॲम्पिअर द्यावेत, असे मानक सांगते. अडीच इंची डिस्कला थांबलेली तबकडी फिरती करताना, सुरुवातीच्या क्षणांत, एक ॲम्पिअरच्या आसपास प्रवाह लागू शकतो. एकदा गती आली की गरज बरीच उतरते. सुरुवातीच्या या गरजेपोटीच जुन्या डिस्कसोबत कधीकाळी दोन यूएसबी पिनांची वायर मिळत असे. डिस्क बिनविजेच्या हबवर लावली, त्याच हबवर पेन ड्राइव्ह आणि फोनही लटकवले, तर तबकडी पुरेशी गती घेत नाही, हेड बाहेर येऊन परत जागेवर जाते आणि ‘टिक... टिक...’ असा आवाज येतो. तो ऐकून डिस्क मेली असे ठरवण्याआधी तिला एकदा थेट संगणकाच्या पोर्टवर लावून पाहायलाच हवे. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या मागचे पोर्ट वापरावे. ते मदरबोर्डवरच बसवलेले असतात. पुढचे पोर्ट आतल्या बारीक वायरीने जोडलेले असतात आणि तिथे वीजही कमजोर पडते, संदेशही.

तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आधी पोर्ट, मग वायर, मग संगणक. तिन्ही एकदम बदलले आणि डिस्क चालली, तर दोष कशात होता ते कळत नाही, आणि तोच दोष आठवड्याने पुन्हा दारात उभा राहतो.

विंडोजची एक जागा यात फार उपयोगी पडते, पण सामान्य माणूस तिकडे फिरकत नाही. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून त्यातल्या ‘सिस्टिम’ नोंदी पाहाव्यात. संगणक अडला त्या वेळेपाशी जायचे आणि ‘डिस्क’ या नावाने आलेल्या नोंदींचे क्रमांक वाचायचे. १५७ असेल तर डिस्क चालू असताना अचानक तुटली, म्हणजे संशय वायरीवर, पिनेवर किंवा विजेवर. ७ असेल तर डिस्कने स्वतःच खराब सेक्टर असल्याचे कळवले आहे. १५३ म्हणजे तीच मागणी पुन्हा करावी लागली. यूएसबीच्या ड्रायव्हरच्या नावाने १२९ दिसला, तर वाट पाहून कंटाळलेल्या सिस्टिमने रिसेट पाठवला होता. १५७ आणि ७ हे दोन आकडे एवढेच लक्षात ठेवले, तरी वायर की तबकडी हा अर्धा प्रश्न सुटतो.

काही खोळंबे निव्वळ सवयींमुळे होतात. बऱ्याच पोर्टेबल डिस्क काही मिनिटे काम नसेल तर तबकडी थांबवतात. नंतर वर्डमध्ये ‘सेव्ह ॲज’ उघडले की विंडोज सगळे ड्राइव्ह चाचपते, झोपलेली डिस्क जागी होऊन गती घेईपर्यंत काही सेकंद जातात आणि तेवढा वेळ वर्ड गप्प राहते. हा बिघाड नाही. संगणक सुरू करतानाच कंपनीच्या चिन्हावर अडत असेल आणि डिस्क काढल्यावर सुरू होत असेल, तर बायोसच्या यादीत बूटसाठी यूएसबीचा क्रमांक पहिला लागलेला असतो. तो खाली सरकवला की झाले.

नव्या डिस्कबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते. पहिले काही गिगाबाइट झरझर गेले आणि मग वेग सेकंदाला पाच-दहा मेगाबाइटवर येऊन कॉपी रखडली. खूप माहिती कमी जागेत बसवण्यासाठी अनेक पोर्टेबल डिस्कमध्ये आता लिखाणाचे ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. अशा ठिकाणी एक ट्रॅक नव्याने लिहायचा, तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. डिस्क आधी एका राखीव भागात घाईने लिहून घेते आणि सवडीने मजकूर योग्य जागी हलवते. राखीव भाग भरला की ती सवड उरत नाही. या तंत्राला एसएमआर म्हणतात. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठीच्या ‘रेड’ मालिकेतल्या काही डिस्कमध्ये ते आहे, हे ग्राहकांना आधी सांगितले नव्हते, यावरून मोठा गदारोळ झाला आणि मग कंपन्यांनी कोणत्या मॉडेलात ते आहे याच्या याद्या जाहीर केल्या. ग्राहकाला हे खोक्यावरच वाचायला मिळायला हवे. अशी डिस्क खराब नसते. एका दमात पाचशे गिगाबाइट लिहिण्याऐवजी टप्प्याटप्प्याने लिहावे आणि काम झाल्यावर तिला थोडा वेळ नुसतीच जोडून ठेवावी.

वायर नवी, पोर्ट बदललेले, दुसऱ्या संगणकावरही तोच प्रकार. मग मात्र संशय तबकडीवर येतो आणि इथून पुढे प्रत्येक मिनिट मोलाचे ठरते.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. तिला स्मार्ट नोंदी म्हणतात. त्या वाचायला क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम पुरतो. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. रंगावर न थांबता तीन ओळी पाहाव्यात. ५ क्रमांकाची ओळ खराब ठरवून बाजूला काढलेल्या सेक्टरांची, १९७ ची ओळ वाचता न आल्यामुळे निर्णयासाठी ताटकळत ठेवलेल्या सेक्टरांची आणि १९८ ची ओळ तपासणीत वाचताच न आलेल्या सेक्टरांची. अडणाऱ्या डिस्कमध्ये बहुधा १९७ वाढलेला दिसतो. हा प्रोग्राम मूळचे आकडे सोळाच्या पद्धतीत दाखवतो, म्हणून शेवटी १० दिसले तर सेक्टर दहा नव्हे, सोळा आहेत.

या नोंदींचा किती भरवसा धरावा? गूगलच्या एदुआर्दो पिनेरो, वुल्फ-डीट्रिश वेबर आणि लुईझ बारोसो या संशोधकांनी २००७ साली आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, चूक न सापडलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. त्याच अभ्यासात दुसरीही गोष्ट पुढे आली. बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कवर चार ठळक धोक्याच्या नोंदींपैकी एकही आलेली नव्हती. म्हणजे आकडा आला तर धोका नक्की मानावा, पण आकडा नाही म्हणून निर्धास्त राहू नये. निळा रंग दाखवत असतानाही डिस्क रोज अडत असेल, तर विश्वास त्या अडण्यावर ठेवावा.

इथेच सर्वांत मोठी चूक होते. डिस्क अडते म्हटल्यावर कोणीतरी ‘चेकडिस्क’ चालवायला सांगतो, किंवा विंडोज स्वतःच ‘स्कॅन अँड फिक्स’ची खिडकी पुढे करते आणि माणूस ‘हो’ म्हणतो. चेकडिस्कचे काम फाइलींची व्यवस्था सुसंगत करणे हे आहे. फाइली वाचवणे हा त्याचा हेतूच नाही. खराब सेक्टर शोधण्याचा पर्याय दिला, तर ते डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचू पाहते. दोन टेराबाइटच्या निरोगी डिस्कवरही याला कित्येक तास लागतात. मरणपंथाला लागलेल्या डिस्कला हे श्रम पेलत नाहीत, आणि त्यातून जे हाती येते ते ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरात, मूळची नावे हरवलेल्या, नुसते क्रमांक मिळालेल्या फाइलींच्या रूपात. हळदीचे फोटो कोणते आणि साखरपुड्याचे कोणते, हे मग एकेक फाइल उघडूनच कळते. वीज जाण्यामुळे विस्कटलेल्या चांगल्या डिस्कला चेकडिस्क उपयोगी पडते, यात शंका नाही. साडेतीन इंची डिस्क वेगळ्या अडॅप्टरवर चालतात. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो आणि डिस्क मात्र लिहिता लिहिता बंद पडते. भारनियमन सोसलेल्या गावांत हे वरचेवर घडते. पण अशा डिस्कवरही आधी नक्कल करावी आणि मगच दुरुस्तीला हात घालावा. या नियमाला अपवाद करण्याचे कारण सहसा नसते.

मॅकवर हाच धोका वेगळ्या वेशात येतो. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क नीट न काढता उपसली असेल, तर पुढच्या वेळी जोडल्यावर मॅक तिची तपासणी पडद्यामागे, काही न सांगता सुरू करतो. तोवर डिस्क दिसतच नाही. अधीर होऊन ती पुन्हा उपसणे हा त्यावर उपाय नाही.

नक्कल कशी करावी? डिस्क अडखळत का होईना पण फोल्डर दाखवत असेल, तर सगळे एकदम निवडून ओढू नये. दुसरीकडे कुठेही नाही ते आधी घ्यावे. सिनेमे आणि इन्स्टॉलर पुन्हा मिळतात, आजीच्या आवाजातले रेकॉर्डिंग मिळत नाही. फोल्डरचे दृश्य मोठ्या चित्रांऐवजी साध्या यादीचे ठेवावे, म्हणजे छोट्या प्रतिमांसाठी होणारे वाचन टळते. कॉपीचे हुकूम लिहून देणारे जाणकार रोबोकॉपी वापरतात, पण तिथेही सावध राहावे. मूळ मांडणीत हा प्रोग्राम न वाचता आलेल्या फाइलीसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करतो आणि दर दोन प्रयत्नांमध्ये ३० सेकंद थांबतो. दोन्ही आकडे एकवर आणले, तरच तो खराब फाइल सोडून पुढे सरकतो.

सेक्टर बरेच खराब असतील, तर जीएनयू डीडीरेस्क्यूला पर्याय नाही असे म्हणावे लागेल. अंतोनियो दियाझ दियाझ यांनी लिहिलेला हा मोफत प्रोग्राम लिनक्सवर चालतो. लिनक्स पेन ड्राइव्हवरून सुरू करता येते, संगणकावरचे विंडोज काढावे लागत नाही. डीडीरेस्क्यू फाइलींकडे बघतच नाही, तो संपूर्ण डिस्कची सेक्टरगणिक नक्कल घेतो. पहिल्या फेरीत जे सहज वाचले जाते ते घेऊन अडलेल्या जागांवरून उडी मारून पुढे जातो, आणि चांगला भाग हाती आल्यावरच कठीण जागांकडे परततो. काय झाले आणि काय उरले याची नोंद तो एका छोट्या फाइलीत ठेवतो, म्हणून मध्येच डिस्क बंद पडली, थंड होऊ दिली आणि पुन्हा जोडली, तर काम थांबले तिथून पुढे सुरू होते. नक्कल ठेवायला मूळ डिस्कपेक्षा मोठी मोकळी जागा लागते. मूळ डिस्क मग बाजूला ठेवायची आणि चेकडिस्क, हरवलेल्या फाइली शोधणारा फोटोरेक, जे काय चालवायचे ते नकलेवर. तिथे चूक झाली तरी दुसरी नक्कल काढता येते.

तबकडीवरची माहिती किती चिवट असते, याचे एक विलक्षण उदाहरण आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अवकाशयान परतताना आकाशात फुटले आणि कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर मृत्यू पावले. यानात झेनॉन वायूच्या श्यानतेवर, म्हणजे वाहण्याला होणाऱ्या अंतर्गत विरोधावर, एक प्रयोग चालू होता. त्याची माहिती एका सीगेट डिस्कवर होती. जमिनीवर पडलेल्या अवशेषांत ती डिस्क सापडली तेव्हा तिचे कवच जळून काळे पडले होते, सर्किट बोर्ड निकामी झाला होता आणि आत धूळ शिरली होती. ऑनट्रॅक या कंपनीच्या अभियंत्यांनी तबकड्या स्वच्छ करून नव्या यंत्रणेत बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळवली. प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली ‘फिजिकल रिव्ह्यू ई’ या नियतकालिकात छापून आले. घराघरांतल्या डिस्कच्या वाट्याला आग येत नाही, पण चालू होते का बघण्याचे प्रयोग भरपूर येतात.

म्हणून काही लक्षणे दिसताच थांबलेच पाहिजे. चांगल्या वायरीवर आणि थेट पोर्टवर जोडूनही तालबद्ध टिकटिक येते, घासल्याचा आवाज येतो, किंवा डिस्क पडल्यानंतर तबकडी फिरण्याचा आवाजच येत नाही. तबकडीला टेकलेले हेड प्रत्येक फेऱ्यात थोडी माहिती खरवडून काढते, आणि सेकंदाला नव्वद फेरे होतात. अशी डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपाय अजूनही सांगितला जातो. बाहेर काढल्यावर तबकडीवर दव धरते, आणि कोकणातल्या पावसाळी हवेत तर ते अटळ आहे. डबी उघडून पाहणेही नको, कारण खोलीतल्या हवेतला धुळीचा साधा कण हेडखालच्या फटीपेक्षा कितीतरी मोठा असतो. डबी फोडून आतली डिस्क दुसऱ्या डबीत बसवण्याची युक्ती जुन्या मॉडेलांना चालत असे. आताच्या अनेक पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबी सॉकेट थेट डिस्कच्या बोर्डावर असते, आत दुसऱ्या डबीला जोडता येईल असा वेगळा साटा जोड नसतोच. काही मॉडेलांत तो बोर्ड माहिती सांकेतिक करून लिहितो, त्यामुळे बोर्ड हरवला तर तबकडी चांगली असूनही वाचता येत नाही.

अशा वेळी धूळविरहित कक्ष असलेल्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेकडे जावे. खर्च हजारोंच्या घरात जातो, म्हणून आधी तपासणीचे शुल्क किती, माहिती मिळाली नाही तर काय द्यावे लागेल आणि मिळालेल्या फाइलींची यादी पैसे देण्याआधी दाखवणार का, हे लेखी विचारून घ्यावे. डिस्कवर आतापर्यंत कोणकोणते प्रयोग झाले, ते काही न लपवता सांगावे, कारण अभियंता पहिले पाऊल त्यावरूनच ठरवतो. गॅरंटीत असलेली डिस्क कंपनी बदलून देते, पण बदली डिस्क रिकामी येते आणि जुनी परत मिळत नाही. म्हणून माहिती हवी असेल, तर डिस्क गॅरंटीच्या दाव्यासाठी पाठवण्याआधी रिकव्हरी करून घ्यावी, आणि डबी उघडली तरी दावा शाबूत राहतो का, हे कंपनीला अगोदर विचारावे. डिस्कवर बिटलॉकर हे विंडोजचे माहिती सांकेतिक करणारे कुलूप चालू असेल तर प्रयोगशाळा त्याची ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात, छापलेल्या कागदावर किंवा एखाद्या फाइलीत जपलेली असते. ती फाइल त्याच डिस्कवर ठेवलेली नाही ना, हे डिस्क धडधाकट असतानाच पाहून घ्यावे.